थकलेल्या माणसाचा स्वयंपाक मिनिटांत मोजू नका

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी मुद्दाम एक गोष्ट करून बघितली. कामावरून घरी आले, "20 मिनिटांत तयार" असं वर लिहिलेली एक रेसिपी काढली, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं आणि सुरुवात केली. उगाच रेंगाळले नाही, रोज जशी करते तशीच केली. सामानाच्या यादीत पहिल्याच ओळीत "2 कांदे, बारीक चिरलेले" असं होतं, म्हणजे रेसिपी लिहिणाऱ्याकडे ते आधीच चिरून तयार होते, माझ्याकडे ते टोपलीत सालासकट पडलेले, मग ते सोलून चिरण्यात 7 मिनिटं गेली, मग गाजर आणि सिमला मिरची धुवून कापणं, मग लक्षात आलं की मोठी कढई सकाळपासून सिंकमध्ये तशीच आहे, ती घासली, मग मिरपूड सापडेना. अन्न ताटात आलं तेव्हा 52 मिनिटं झाली होती आणि जेवण आटपून ओटा पुसून भांडी होईपर्यंत आणखी 18. एकूण 70. रेसिपीतला 20 चा आकडा खोटा नव्हता, गॅस पेटवल्यापासून बंद करेपर्यंत खरंच 20-22 मिनिटंच लागली. फक्त माझी संध्याकाळ त्या आकड्यात मावत नव्हती.

आणि मला त्या 70 मिनिटांपेक्षाही जास्त खटकलं ते हे की त्यात खाली टेकता येईल असं एकही मिनिट नव्हतं. मोठ्या आचेवर परतायचं होतं, जरा नजर हटली की करपणार, एक भाजी आधी, दुसरी नंतर, तिसरी अगदी शेवटी, सगळं डोक्यात धरून उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ आणि मसूर डाळ एकत्र धुतली, त्यात कापलेला टोमॅटो, मूठभर फ्रोझन मटार, मीठ, हळद, तेल आणि भरपूर पाणी घातलं, मंद आचेवर झाकण ठेवलं. जेवायला बसेपर्यंत 45 मिनिटं झाली. पण ओट्यापाशी मी जेमतेम 8 मिनिटं होते, बाकीचा वेळ हातपाय धुतले, पाय वर करून बसले, मुलाशी बोलले. घड्याळाने बघितलं तर पहिला पदार्थ झटपट आणि दुसरा वेळखाऊ. अंगाने बघितलं तर बरोबर उलटं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय आणि मला ते जाहीरपणे मांडायचंय. दमलेल्या लोकांना "घरी करा, सोपं आहे" असं सांगणारे सगळेजण, रेसिपीवाले, डॉक्टर, सरकारी आहारतज्ज्ञ, आपले नातेवाईक, सगळे चुकीची गोष्ट मोजतायत. ते मिनिटं मोजतात. दमलेल्या माणसाकडे संपलेलं असतं ते लक्ष. दिवसभर कामाच्या ठिकाणी शंभर छोटे निर्णय घेऊन, लोकांचं ऐकून, प्रवासात उभं राहून घरी आलेल्या माणसाला तासभर भांडं आपोआप शिजत राहिलं तर काही वाटत नाही, पण 15 मिनिटं सलग ओट्यापाशी उभं राहून 6 गोष्टींचं भान ठेवायला लावलं तर तो डिलिव्हरीचं ॲप उघडतो, आणि त्यात त्याचा आळस नसतो.

स्वयंपाकघरातली जी यंत्रं खरोखर उपयोगी ठरली त्यांच्याकडे बघा, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. 1955 मध्ये तोशिबाने जपानमध्ये ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक राईस कुकर बाजारात आणला. तो योशितादा मिनामी यांनी तयार केला, पण भात नेमका कधी होतो याचे प्रयोग त्यांची बायको फुमिको यांनी घरी पुन्हा पुन्हा केले, आणि त्या प्रयोगांतूनच ती युक्ती निघाली. एकात एक दोन भांडी, बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी, ते उकळून संपायला साधारण 20 मिनिटं लागायची, पाणी संपलं की तापमान 100 अंशांच्या वर जायचं आणि थर्मोस्टॅट कुकर बंद करून टाकायचा. भात काही फार लवकर व्हायचा असं नाही. पण विस्तवाजवळ बसून आच कमीजास्त करत राहायचं जे काम होतं ते गेलं. फुमिकोंना नेमकं कळलं होतं की भाताचं ओझं शिजण्यात नसतं, राखणीत असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण ज्यांनी रोज ते काम केलंय त्यांना विचारलं की बरोबर जागी बोट ठेवलं जातं.

आता उलट उदाहरण. 1926 मध्ये मार्गारेटे श्यूट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी फ्रँकफर्टमधल्या सरकारी घरांसाठी एक स्वयंपाकघर डिझाइन केलं, जवळपास 10,000 घरांत ते बसवलं गेलं, आजचं प्रत्येक मॉड्युलर किचन त्याचंच वंशज आहे असं म्हणतात. पावलं मोजून, स्टॉपवॉच लावून, सगळं हाताशी येईल असं. रुंदी 2 मीटरपेक्षाही थोडी कमी, लांबी साडेतीन मीटरच्या आत. हेतू अगदी चांगला होता, बायकांचे कष्ट वाचावेत हाच. पण त्या जागेत एकच माणूस नीट काम करू शकायचा. दुसऱ्याला आत यायला जागाच नाही. पावलं कमी झाली आणि ती चालणारी एकटी पडली. आपण अजूनही तेच करतोय असं मला वाटतं, एकाच माणसाचं काम अजून थोडं वेगवान कसं होईल एवढंच शोधतोय.

तर मग कमी लक्षाचं जेवण म्हणजे नक्की काय, ते सांगते, कारण नुसतं मत मांडून कोणाचं पोट भरत नाही.

माझ्या मते त्याच्या तीन खुणा आहेत. एक म्हणजे त्याला चुकायला जागा असते, 5 मिनिटं इकडे तिकडे झाली तरी बिघडत नाही. वर सांगितलेलं डाळ-तांदळाचं भांडं असं आहे, मसूर डाळ भिजवावी लागत नाही, 20 मिनिटांत शिजते, 40 मिनिटं राहिली तर अजून मऊ होते, पाणी जास्त झालं तर पातळ खायचं, कमी झालं तर वरून घालायचं. ओव्हन असेल तर बटाटे, गाजर, कांदा, फ्लॉवर यांचे अंगठ्याएवढे तुकडे तेल-मीठ लावून एका ट्रेमध्ये पसरायचे, 200 अंशांवर 35-40 मिनिटं, मध्ये एकदा हलवलं तर बरं, नाही हलवलं तरी चालतं. त्याच ट्रेमध्ये शिजवून ठेवलेले काबुली चणे टाकले की पोटभरीचं होतं. दुसरी खूण, त्यात चिरणं जवळपास नसतं. चिरणं हे दमलेल्या हातांचं खरं दुखणं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. तिसरी, भांडं एकच, फार तर दोन.

अंडी तर या बाबतीत देवमाणूस आहेत. डब्यातला टोमॅटो नाहीतर किसलेले टोमॅटो तव्यात लसूण-तेलावर 10 मिनिटं आटवायचे, त्यात खड्डे करून 4 अंडी फोडायची, झाकण, 5-6 मिनिटं. सोबत ब्रेड किंवा उरलेला भात. आणि तेवढंही होणार नसेल तर उकडलेली अंडी, दही, एक काकडी, ब्रेड. हे जेवण आहे. मी हे ठासून सांगतेय कारण अनेक बायकांनी मला खालच्या आवाजात, चूक कबूल केल्यासारखं सांगितलंय की "काल काही केलंच नाही, नुसती अंडी-ब्रेड खाल्लं". अहो, प्रथिनं आहेत, धान्य आहे, भाजी आहे, गरम आहे, मीठ आपल्या हातात आहे, अजून जेवण म्हणजे काय असतं?

फ्रोझन भाज्यांबद्दल पण तोच संकोच. "ताजं नाही" म्हणून. या भाज्या तोडल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून लगेच गोठवतात, त्यामुळे त्यांच्यातली जीवनसत्त्वं बरीचशी टिकून राहतात, आणि आठवडाभर फ्रीजमध्ये मलूल झालेल्या तथाकथित ताज्या भाजीपेक्षा काही वेळा जास्तच. झटपट गोठवण्याची ही पद्धत क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसाने कॅनडातल्या लॅब्राडोरमध्ये इनुइट या तिथल्या मूळ रहिवाशांकडून बघून घेतली, तिथे कडाक्याच्या थंडीत पकडलेला मासा क्षणात गोठायचा आणि महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागायचा, आणि 1930 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरात असं अन्न पहिल्यांदा दुकानांतून विकायला ठेवलं गेलं. जवळपास 100 वर्षं झाली. आणि मटार सोलायचे वाचतात हो, त्याची किंमत संध्याकाळी साडेसातला कळते.

इथे एक मात्र सांगायलाच हवं, कारण दमलेला माणूस नेमका इथेच चुकतो आणि मी स्वतः चुकलेय. अन्न ओट्यावर तसंच ठेवून झोपणं. विशेषतः भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि एक विष तयार करतात, आणि ते विष दुसऱ्या दिवशी कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणजे "नीट गरम करून खाऊ" हा उपाय इथे चालत नाही. भात उरला तर शक्यतो तासाभरात फ्रीजमध्ये, बाकीचं शिजवलेलं दोन तासांच्या आत, आणि मोठ्या पातेल्यात नाही तर उथळ डब्यांत, कारण मोठं पातेलं फ्रीजमध्येसुद्धा मधून कितीतरी वेळ गरम राहतं. फ्रीजमधलं 3-4 दिवसांत संपवायचं, त्याहून पुढचं फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर. दुसरी गोष्ट राजमा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, भिजवून पाणी टाकून मग निदान 10 मिनिटं, त्याहून जास्त असेल तर उत्तमच, खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा तसाच टाकून कामावर जाऊ नका, तिथे तापमान तेवढं चढत नाही आणि अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतो. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, त्याला काही भीती नाही. या दोन-चार गोष्टी एकदा पाठ झाल्या की पुन्हा विचार करावा लागत नाही, आणि कमी लक्षात स्वयंपाक करायचा तर ज्या थोड्या ठिकाणी लक्ष खरंच लागतं ती माहीत असायलाच हवीत.

फ्रीजरबद्दल माझी एक सवय सांगते. काबुली चणे, राजमा, टोमॅटोचा रस्सा, जे काही सुट्टीच्या दिवशी करते ते दुप्पट करते आणि अर्धं डब्यांत भरून वर कागदी टेप लावून तारीख टाकते. रविवारी 5 तास राबून आठवड्याचं सगळं जेवण करून ठेवायचं जे फॅड आहे ते मला पटत नाही, ते थकवा बुधवारवरून उचलून रविवारवर ठेवणं झालं. पण जे करतोच आहोत त्याचं प्रमाण वाढवायला लक्ष जवळपास काहीच जास्त लागत नाही. पातेलं मोठं, एवढंच. आणि तारीख टाकल्याशिवाय डबा आत ठेवायचा नाही, नाहीतर दोन महिन्यांनी तो नेमका कशाचा आहे हे ओळखण्यातच लक्ष जातं.

आता वैविध्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त थकवा मला इथेच दिसतो. रोज वेगळं हवं. काल जे झालं ते आज नको. हे कुठून आलं? जगात बहुतेक माणसं बहुतेक काळ रोज जवळपास तेच जेवत आली, ऋतू बदलला की भाजी बदलायची. रोजच्या साध्या घरात दर संध्याकाळी नवीन काहीतरी असावं ही अपेक्षा हॉटेलच्या मेन्यूकडे आणि स्वयंपाकाच्या कार्यक्रमांकडे बघून वाढलेली आहे असं माझं मत आहे. पोषणासाठी वैविध्य लागतं हे खरं, पण ते आठवड्याभरात मिळून आलं तरी भागतं. सोमवारी डाळ-तांदूळ, मंगळवारी अंडी, बुधवारी ट्रे, गुरुवारी फ्रीजरमधला राजमा, शुक्रवारी पुन्हा डाळ-तांदूळ पण भाजी पालक, असं ठरवून टाकलं तर "आज काय करू" हा प्रश्नच उरत नाही. आमच्या घरी हा प्रश्न संध्याकाळी 6 वाजल्यापासून माझ्या डोक्यात घरघर करायचा, कामावर असतानासुद्धा. तो बंद झाला तेव्हा मला कळलं की स्वयंपाकातलं सगळ्यात जड काम मी ओट्यापासून लांब बसून करत होते.

तर आता सार्वजनिक सल्ल्याचं बोलू. गेली काही वर्षं अतिप्रक्रिया केलेल्या, म्हणजे कारखान्यात बनलेल्या पाकीटबंद प्रकारच्या अन्नाविरुद्ध जगभर मोठी चर्चा चाललीय आणि ती योग्यच आहे. ब्राझीलचे संशोधक कार्लोस मोंतेइरो यांनी 2009 मध्ये अन्नावर किती प्रक्रिया झालीय त्यानुसार त्याची वर्गवारी मांडली, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये केविन हॉल यांच्या टीमने 20 माणसांवर एक फार काळजीपूर्वक प्रयोग केला, दोन आठवडे पाकीटबंद प्रकारचं अन्न, दोन आठवडे साधं कमी प्रक्रियेचं अन्न, दोन्हींत साखर, मीठ, फॅट, फायबर जुळवून. हवं तेवढं खा म्हटल्यावर पाकीटबंद अन्नावर लोक रोज साधारण 500 कॅलरी जास्त खात होते. हा निष्कर्ष मला पटतो. पण त्या प्रयोगातल्या एका गोष्टीकडे फारसं लक्ष जात नाही. ती 20 माणसं संशोधन केंद्रातच राहत होती आणि त्यांचं जेवण तिथले पगारी लोक तयार करून देत होते. म्हणजे साधं अन्न शरीराला चांगलं हे सिद्ध झालं, पण 8-9 तास काम करून आल्यावर ते कोण बनवणार हा प्रश्न त्या प्रयोगाने विचारलाच नव्हता, तो त्याचा विषयही नव्हता. चूक आपली आहे, आपण त्या निष्कर्षावरून थेट "घरी बनवा" या सल्ल्यावर उडी मारतो आणि मधला माणूस गायब करतो.

तो मधला माणूस बहुतेक वेळा बाई असते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2018 च्या अहवालात जगभरची सरासरी दिलीय, घरातलं आणि माणसांची देखभाल करण्याचं बिनपगारी काम बायका रोज 4 तास 25 मिनिटं करतात, पुरुष 1 तास 23 मिनिटं. त्यामुळे "लोकांनी घरी जास्त स्वयंपाक करावा" असं जेव्हा कोणी व्यासपीठावरून म्हणतं तेव्हा त्याचा खरा अर्थ बऱ्याच घरांत असा होतो की बाईने अजून थोडं करावं. हे म्हणणाऱ्याच्या मनात नसेलही. पण परिणाम तोच.

आणि हे आजचं नाहीये. 1817 च्या सुमारास ब्रिटनमधले गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी मागणी मांडली, आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती. 1856 मध्ये मेलबर्नच्या गवंडी कामगारांनी ती लढून मिळवली, 1919 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पहिलाच करार दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास असा झाला. या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे, आज आपल्याला संध्याकाळ आहे ती त्यांच्यामुळे. पण त्या तीन आठांची बेरीज करून बघा, 24 तास संपले. यात स्वयंपाक कुठे आहे? भांडी कुठे आहेत? तो हिशोब ज्या कामगाराचा होता त्याच्या घरी दुसरं कोणीतरी चुलीपाशी होतं आणि त्या दुसऱ्या माणसाचे तास मोजलेच गेले नाहीत. आता दोघंही बाहेर काम करतात, किंवा घरात एकच माणूस असतो, प्रवासाचे तास वेगळेच, आणि हिशोब अजून तोच वापरतोय. संध्याकाळचं जेवण या हिशोबात कधी बसवलंच गेलं नव्हतं, मग ते आता बसत नाही म्हणून आपण स्वतःला का दोष द्यायचा?

सरकारी सल्ल्यांमध्ये मला ब्राझीलचा 2014 चा आहारविषयक सल्ला सगळ्यात आवडतो तो यामुळेच. त्यात घरी शिजवा असं आहेच, पण त्याबरोबर स्वयंपाक येणाऱ्याने तो इतरांना, विशेषतः मुलांना आणि तरुणांना शिकवावा, खरेदी-स्वयंपाक-आवराआवर यांची जबाबदारी घरातल्या सगळ्यांनी, बायकांबरोबर पुरुषांनीही, वाटून घ्यावी, असं सरळ लिहिलंय. आहाराच्या कागदावर घरकामाच्या वाटणीचा मुद्दा येणं मला धाडसाचं वाटतं. सगळीकडे असंच असायला हवं.

वाटणीबद्दल अजून एक. "मी मदत करतो" याने वाटणी होत नाही. "काय चिरू सांग" असं विचारणारा माणूस हात देतो पण डोकं देत नाही, आणि आधी म्हटलं तसं ओझं डोक्याचं असतं. आमच्याकडे हे जमायला वेळ लागला, भांडणंही झाली. आता बुधवार आणि शनिवार नवऱ्याचे. म्हणजे त्या दिवशी काय करायचं, घरात सामान आहे की नाही, संपलं असेल तर कधी आणायचं, भांडी, ओटा, उरलेलं फ्रीजमध्ये टाकणं, सगळं त्याचं. सुरुवातीला त्याने बरेच आठवडे अंडी आणि टोमॅटोच केले. मी जीभ आवरली, आणि ते मला फार कठीण गेलं, कारण वर सांगितलेलं वैविध्याचं भूत माझ्याही मानेवर बसलेलं होतंच. पण कोणीही उपाशी राहिलं नाही. मुलगा आता 13 वर्षांचा आहे, भात आणि उकडलेली अंडी त्याला येतात, भाताचं फ्रीजचं काय ते त्याला माझ्याइतकंच माहीत आहे.

काही जण म्हणतील एवढा त्रास असेल तर बाहेरून मागवा, त्यात कसला कमीपणा. कमीपणा काहीच नाही, मीही मागवते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सरकारने लोकांसाठी स्वस्त जेवणाची 2000 च्या वर सार्वजनिक भोजनालयं चालवली, बॉम्बहल्ल्यांत घर गेलेल्या, रेशन संपलेल्या लोकांना आधार म्हणून ती सुरू झाली होती, आणि असं काहीतरी चांगलं, स्वच्छ, परवडणारं जवळपास असेल तर मला ते घरच्या जेवणाइतकंच सन्मानाचं वाटेल. पण रोज मागवण्यात दोन अडचणी आहेत. एक मीठ, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत सांगते आणि बाहेरच्या जेवणात किती पडलंय हे आपल्याला कळायला मार्ग नसतो, घरात कोणाला ब्लडप्रेशर असेल तर हा लहान मुद्दा नाही. दुसरी म्हणजे ज्यांना रोज मागवणं परवडत नाही अशीच माणसं सगळ्यात जास्त दमलेली असतात, त्यांना हा सल्ला देऊन उपयोग काय.

आणि काहींना वाटतं स्वयंपाक म्हणजे प्रेम, त्यात लक्ष घातलंच पाहिजे, असं मोजमाप करणं कोरडं आहे. मला स्वयंपाक आवडतो. सुट्टीच्या दिवशी मी दोन तास रमून काहीतरी करते आणि त्यात मला आराम मिळतो. पण आवड आणि रोजची ड्युटी यात फरक आहे, आणि मंगळवारी रात्री 8 वाजता प्रेम सिद्ध करायला लावू नये एवढंच माझं म्हणणं आहे. दमून केलेल्या चार पदार्थांच्या जेवणात चिडचिड पण वाढली जाते, मी ती वाढलेली आहे, मुलाने ती खाल्लेली आहे. एका भांड्यातलं जेवण करून त्याच्याशेजारी बसता आलं तर ते मला जास्त प्रेमाचं वाटतं.

हो, आणि एक अगदी छोटी पण कामाची गोष्ट, घरी आल्याआल्या आधी काहीतरी खा. एखादं फळ, मूठभर शेंगदाणे, अर्धा पेला दूध. भुकेल्या पोटी स्वयंपाक सुरू केला की सगळं दुप्पट अवघड वाटतं, आणि "भूक मरेल" वगैरे काळजी करू नका, 40 मिनिटांनी भांडं उघडेपर्यंत परत लागते.

रेसिपी लिहिणाऱ्या, व्हिडिओ करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की वर एक आकडा टाकता तिथे दोन टाका. सालासकट भाजीपासून धुतलेल्या भांड्यापर्यंत एकूण किती वेळ, आणि त्यातला किती वेळ माणसाला ओट्यापाशी उभं राहावं लागतं. आहारतज्ज्ञांनी सल्ला देताना एकदा समोरच्याला विचारावं की तुम्ही घरी किती वाजता पोचता आणि घरात अजून कोण शिजवतं. आणि कामाचे तास ठरवणाऱ्यांनी, ज्यांच्या हातात शिफ्ट लावणं असतं त्यांनी, रात्री 9 ला सुटणाऱ्या माणसाला सकाळी 7 ला परत बोलावताना मधल्या 10 तासांत प्रवास, जेवण बनवणं, खाणं आणि झोप हे सगळं कसं बसतं ते स्वतः एकदा कागदावर मांडून बघावं. माझ्या ओळखीच्या एका नर्सताईंना अशी शिफ्ट आठवड्यातून दोनदा असते. त्यांनी मला विचारलं होतं की अशा रात्री काय करू, आणि माझ्याकडे तारीख टाकलेल्या फ्रीजरमधल्या डब्याशिवाय त्यांना सांगण्यासारखं काहीही नव्हतं.